आमची जात उघडी, त्यांचा कोड बंद

गेल्या वर्षी एका परिषदेचा अर्ज भरताना मी सहज स्वतःचे पूर्ण नाव गुगलवर टाकून पाहिले. एखादा लेख वर येईल अशी आशा होती. वर आली ती एक पीडीएफ. मी जिथून पदवी घेतली त्या कॉलेजच्या वेबसाइटवरची, शिष्यवृत्तीधारकांची यादी. अनुक्रमांक, नाव, प्रवर्ग, जात, मोबाइल नंबर, बँक खाते क्रमांक, मंजूर रक्कम. माझ्या वर आणि खाली माझ्याच वर्गातली मुलं-मुली. त्यातली एक आज बँकेत आहे. एकाने पुण्यात भाड्याने खोली मिळावी म्हणून आडनाव न सांगण्याची सवय लावून घेतली आहे. त्याचा घरमालक त्याचे नाव गुगलवर टाकून बघत नसेल असे समजायला काही आधार नाही.

मी कॉलेजला फोन केला. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी ओळखले, चौकशी केली, पीएचडी कुठवर आली विचारले. यादीचा विषय काढल्यावर म्हणाले, "अहो मॅडम, पारदर्शकता म्हणून टाकावी लागते. आणि त्यात लपवायचं काय? जात आहे ती आहे."

मी म्हटले, "भाऊसाहेब, मग मॅनेजमेंट कोट्यातून कोण आलं आणि किती भरून आलं, तीही यादी टाका ना."

ते हसले. "ती खासगी माहिती असते, मॅडम."

मला या लेखात जे सांगायचे आहे ते सगळे या दोन वाक्यांत आहे. या देशात खासगी काय आणि खुले काय याची वाटणी आधीच होऊन गेली आहे. आमची जात, आमचे अंगठे, आमची गरिबी, आमचे ठावठिकाणे हे सगळे उघडे. ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांचे व्यवहार, त्यांची कारणे आणि आता त्यांच्या वतीने निर्णय घेणारे सॉफ्टवेअर, हे सगळे बंद. जे झाकलेले हवे ते चव्हाट्यावर आणि जे चव्हाट्यावर हवे ते कुलपात. ही वाटणी उलटी आहे. ती सरळ करणे हे जातिअंताच्या राजकारणाचेच काम आहे. ते इंजिनिअर लोकांचे काम आहे असे समजून आपण ते सोडून दिले आहे, आणि त्याची किंमत आपणच मोजतो आहोत.

आधी आपल्यातल्याच एका आक्षेपाचे बोलू. चळवळीतले काही जण म्हणतात की खासगीपणा हे चार खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांचे दुखणे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे कसला खासगीपणा? हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूनेही झाला होता, हे त्यांनी लक्षात घ्यावे. खासगीपणा ही वरच्या वर्गाची कल्पना आहे, बहुसंख्य गरिबांच्या गरजांशी तिचा संबंध नाही, अशा अर्थाची ती मांडणी होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला आणि ही मांडणी फेटाळली. गरिबाला रेशन द्यायचे तर त्याने आपली प्रतिष्ठा गहाण ठेवावी, असे कोणत्याही संविधानात बसत नाही.

पण मला न्यायालयाच्याही आधी बडोद्याकडे जावेसे वाटते. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी तिथे पोचले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी म्हणून नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशी जमाव दारात उभा राहिला. परदेशात शिकून आलेल्या माणसाकडे तेव्हा पदव्या होत्या, नोकरी होती, खिशात भाडे होते. नव्हता तो फक्त आपली जात किती जणांना कळू द्यायची हे ठरवण्याचा हक्क. त्यांची माहिती फुटली आणि संध्याकाळपर्यंत डोक्यावरचे छप्पर गेले.

जातिव्यवस्था ही मुळात पाळतीचीच व्यवस्था आहे. कोण कुठे राहतो, कोणाच्या हातचे खातो, कोणाशी लग्न करतो, कोणत्या रस्त्याने जातो यावर अख्खे गाव डोळा ठेवून असते. "पूर्ण नाव सांगा", "गाव कोणतं", "गावात कुठे राहता" हे प्रश्न आपल्या पिढीने इंटरव्ह्यूत, हॉस्टेलवर, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर ऐकलेले आहेत. शहरात येऊन आपल्याला एक गोष्ट थोडीफार मिळाली होती, ती म्हणजे अनोळखी असण्याची मुभा. सर्च इंजिन आणि कॉलेजची पीडीएफ मिळून ती काढून घेत आहेत. गावात पाळत ठेवायला गाव लागायचे. आता एक क्लार्क आणि एक अपलोडचे बटण पुरते.

मग जात लपवायची का? अजिबात नाही. इथे आपल्याला एक फरक नीट करावा लागेल, कारण हाच फरक धूसर ठेवून आपल्याला गप्प केले जाते. मोजणी वेगळी आणि यादी वेगळी. जातनिहाय मोजणी ही आपली जुनी मागणी आहे. देशभरातल्या सर्व जातींची शेवटची प्रकाशित मोजणी १९३१ ची. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला तो कोणाच्या कृपेने नव्हे, दशकानुदशकांच्या रेट्याने. मोजणीतून जमीन, नोकऱ्या, न्यायालये, विद्यापीठे कोणाच्या ताब्यात आहेत हे दिसते. म्हणजे मोजणी बलवानाला उघडे पाडते. नावानिशी, मोबाइल नंबरानिशी, इंटरनेटवर टाकलेली यादी दुर्बलाला उघडे पाडते. १९४८ च्या जनगणना कायद्याला हा फरक कळलेला होता. त्याचे कलम १५ सांगते की प्रगणकाने भरलेली व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येणार नाही, पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. आकडा सगळ्यांचा, नोंद फक्त त्या माणसाची.

कोणी म्हणेल, राजस्थानातल्या मजुरांनीच रोजगाराचे हजेरीपट उघड करा, जनसुनावणीत वाचून दाखवा अशी मागणी केली होती. खरे आहे, आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा त्या लढ्यातूनच आला. पण त्या हजेरीपटावर काय हवे हे मजुरांनी स्वतः ठरवले होते आणि त्यांना ठेकेदाराची चोरी पकडायची होती. ती नावे वाचणारेही त्याच गावचे होते. माझ्या कॉलेजच्या यादीत कोणाची चोरी पकडली जाणार होती? माझ्या खाते क्रमांकातून कोणता भ्रष्टाचार उघड होणार होता?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २०१८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने दिलेल्या मसुद्यात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. आरोग्य, बोटांचे ठसे, लैंगिकता यांच्या सोबत 'जात किंवा जमात' हे शब्द त्यात होते. २०१९ च्या विधेयकातही ते राहिले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला तेव्हा तो वर्गच गायब होता. आज या कायद्याच्या व्याख्येत माझी जात आणि माझी पिझ्झाची ऑर्डर एकाच पंगतीला बसतात. आयुष्यात प्रथमच जात आणि इतर गोष्टी एका पंगतीला बसल्या, त्या अशा!

याच कायद्याने केंद्र सरकारला सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्याच यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार दिला. अनुदान, शिष्यवृत्तीसारखा लाभ, दाखला, परवाना यांसाठी आधीपासून सरकारी नोंदीत असलेली माहिती नव्याने संमती न विचारता वापरण्याची वाट मोकळी केली. आणि कलम ४४(३) ने माहितीच्या अधिकारातल्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी एखादी माहिती वैयक्तिक असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल तर ती मिळायची. आता वैयक्तिक माहिती म्हटले की नकार द्यायला जागा झाली. कलम ८(२) चा लोकहिताचा आधार उरतो, पण तो सिद्ध करत बसण्याचे ओझे अर्ज करणाऱ्याच्या डोक्यावर. खोट्या जातप्रमाणपत्रावर राखीव जागा कोणी बळकावली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी इतकी वर्षे कशाच्या जोरावर शोधले? माहिती अधिकाराच्या अर्जांच्या. ते हत्यार बोथट केले गेले, आणि कारण काय दिले? खासगीपणा! शिष्यवृत्तीच्या यादीतल्या मुलीसाठी जो शब्द कुणाला आठवला नाही, तो बोगस दाखलेवाल्या अधिकाऱ्यासाठी धावून आला.

पाळतीचे ओझेही असेच जातीच्या उतरंडीने वाटले गेले आहे. माझी आई रेशन दुकानात जाते तेव्हा ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. तीस वर्षे भांडी घासून आणि निंदणी करून बोटांच्या रेषा गेल्या आहेत. दुकानदार म्हणतो, "मावशी, हात धुऊन या." काम केल्याची खूण हीच अपात्रतेची खूण झाली. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधार जोडलेले नव्हते म्हणून रेशनकार्ड रद्द झाले आणि पोर उपाशी मेली, असे घरच्यांनी सांगितले. प्रशासनाने उपासमार नाकारून आजाराचे कारण दिले. कोणाचे खरे हे ठरवायला त्या आईकडे फक्त तिचा शब्द होता. नाव कधी, का आणि कोणत्या नियमाने यादीतून उडाले ते यंत्रणेच्या पोटात होते.

नागपूर, चंडीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली. कामगार कुठे आहे, किती चालला, कुठे थांबला हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसते. चंडीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. या देशात झाडू कोणत्या जातींच्या हातात आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे बंद केले आहे, तरी माणसे गुदमरून मरतातच. गटार साफ करणारे यंत्र गल्लीपर्यंत पोचत नाही, झाडूवाल्यावर नजर ठेवणारे घड्याळ मात्र बरोबर पोचते. पालिकेच्या आयुक्तांच्या मनगटावर मी असे घड्याळ पाहिलेले नाही.

आणि जे आपल्यातून शिकून, लिहून, बोलून वर आले त्यांचे काय? २०१९ साली पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे लक्ष्य झाल्याचे सिटिझन लॅबने ज्यांना कळवले त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते. १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, त्यांना एनआयएपुढे हजर व्हावे लागले. जामिनावर ते बाहेर आले नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच भीमा कोरेगाव प्रकरणातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली पेरल्या गेल्याचा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी फॉरेन्सिक संस्थेने २०२१ साली मांडला. तेव्हा 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' असे म्हणणाऱ्या मित्राला माझे सांगणे एवढेच, की तुझ्याकडे काय आहे एवढाच प्रश्न उरलेला नाही. तुझ्या मशीनमध्ये कोण काय ठेवू शकतो, हाही प्रश्न आहे.

इथून मी कोडकडे येते. कारण खासगीपणाचा प्रश्न अर्धाच आहे. आमचे झाका एवढे म्हणून भागत नाही. तुमचे उघडा, हेही म्हणावे लागते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक गोष्ट नेहमी सांगतात. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. तिथे एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायची होती, पण कंपनीने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, दिलीच नव्हती. ज्याच्याकडे होती त्यानेही करारावर बोट ठेवून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. जे सॉफ्टवेअर मी वापरतो ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क मला हवा, ही त्यामागची भूमिका. पुढे लिनक्स आले, आणि आज तुमच्या हातातला अँड्रॉईड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

त्यांचा कागद अडकला होता. आपला अर्ज अडकतो. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर 'अंडर स्क्रुटिनी' असे तीन-तीन महिने लिहून येते. मग एक दिवस 'रिजेक्टेड' येते. कारण विचारले तर कॉलेज म्हणते समाजकल्याणला विचारा, समाजकल्याण म्हणते पोर्टलची अडचण आहे, हेल्पलाइन म्हणते कॉलेजच्या लॉगिनवरून सोडवा. माझ्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा हप्ता असाच राहिला. पूर्वी साहेब फाइल अडवायचा तेव्हा निदान साहेबाचे नाव माहीत असायचे, त्याच्या टेबलासमोर ठिय्या देता यायचा. पोर्टलसमोर ठिय्या कुठे देणार? ज्या नियमाने माझे शिक्षण थांबू शकते तो नियम कोणत्यातरी कंपनीने कोडमध्ये लिहिला आहे. तो चुकीचा असेल तर वाचून दाखवायला कोणालाच परवानगी नाही. राजपत्रात न छापलेला कायदा आपण मानला असता का? मग न वाचता येणारा कोड का मानायचा? सरकारी पैशातून लिहिलेला कोड जनतेसाठी खुला असला पाहिजे, ही मागणी युरोपात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१७ पासून मोहीम म्हणून चालवली आहे. आपल्यासाठी ती माहितीच्या अधिकाराची पुढची पायरी आहे.

आता गंमत पाहा. हे धोरण भारतात नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१५ सालीच सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याबद्दलचे धोरणही त्याच वर्षी आले. कागदावर सगळे आहे. मग आपले पोर्टल अजून का दिसत नाही?

या प्रश्नाचे उत्तर महाडला मिळते. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. तळे खुले झाले, पण पाणी कोणी प्यायले नाही. कारण ठराव पाण्यापर्यंत पोचवत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली तेव्हा तळे खऱ्या अर्थाने खुले व्हायला सुरुवात झाली. त्यानंतरही मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. तेव्हा कोणी ओपन सोर्स हा शब्द उच्चारला की मी एकच विचारते. खुले आहे ते ठरावाने की महाडने?

कारण तंत्रज्ञानाच्या जगातले हे तळेही ठरावानेच खुले आहे. दोन वर्षांपूर्वी मी ज्या शहरात संशोधन करते तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका बैठकीला गेले होते. माणसे चांगली होती, चहा-बिस्किटे होती, सगळे इंग्रजीत होते. मी विचारले, इथे दलित-आदिवासी मुलं किती येतात? एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रेमाने समजावले की कोडला जात नसते, इथे फक्त गुणवत्ता बघतात, कोणीही यावे, दार उघडे आहे. चहा पिताना त्यांनीच मला आडनावाचा उगम विचारला.

गुणवत्ता हा शब्द कोणाच्या घरी वाढला हे आपल्याला पाठ आहे. अजंता सुब्रमणियन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या पुस्तकात आयआयटी मद्रासच्या अभ्यासातून हेच दाखवले. पिढ्यान्‌पिढ्यांचे जातीचे भांडवल तिथे गुणवत्ता होऊन बाहेर पडते आणि मग जात फक्त आरक्षणातून आलेल्यांनाच असते, असे भासवले जाते. ओपन सोर्सला तर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोकळा वेळ. नोकरीतून आल्यावर रात्री कोणासाठी तरी फुकट कोड लिहायचा, तोही चांगल्या लॅपटॉपवर, वेगवान इंटरनेटवर, सफाईदार इंग्रजीत भांडत. आपल्यातला पहिला इंजिनिअर त्या वेळेत घरचे कर्ज फेडत असतो, बहिणीचा फॉर्म भरत असतो, गावाकडच्या दहा जणांचे दाखले काढत असतो. त्या श्रमाला कोणी 'योगदान' म्हणत नाही. अनेक ओपन सोर्स प्रकल्प 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट' नावाची आचारसंहिता वापरतात. तिच्या २.१ या आवृत्तीत भेदभावाच्या यादीत जात हा शब्द आला. पहिल्या आवृत्तीत तो नव्हता. जगभरच्या प्रोग्रामरना जात आहे हे कळले. आपल्या बैठकीतल्या ज्येष्ठांना अजून कळायचे आहे.

तरीही मी असे म्हणणार नाही की हे बामणी तळे आहे, आपण आपला हंडा घेऊन दुसरीकडे जाऊ. दुसरीकडे काय आहे? आपल्यातल्या कितीतरी जणांचा संगणकाशी पहिला परिचय एमएस-सीआयटीच्या वर्गात झाला. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागते म्हणून फी भरली आणि एका परदेशी कंपनीची खिडकी उघडायला आणि मिटायला शिकलो. संगणक म्हणजे तेवढेच असे वाटून घेतले. आपल्या छोट्या प्रकाशकांनी, मंडळांनी, जलशांनी पंचवीस-तीस वर्षे पुस्तिका आणि गाण्यांच्या वह्या डीटीपीवर जुळवल्या, पण युनिकोड नसलेल्या फाँटांमध्ये. आज त्या फाइली उघडल्या तर चिन्हांचा कचरा दिसतो. इंटरनेटवर त्या शोधता येत नाहीत. मालकीच्या कुलपात ठेवलेली आपली स्मृती आपल्यालाच वाचता येत नाही. खुली मानके हा चळवळीच्या दप्तराचाही प्रश्न आहे.

तळ्यापर्यंत माणसे नेता येतात हे केरळने थोडेफार दाखवले आहे. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये संगणकाचे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. जीएनयू-लिनक्स तिथे मजुराच्या मुलीच्या शाळेतल्या बाकावर आहे, मल्याळम अक्षरांसह. म्हणून केरळातून जात गेली असे नाही, ते कोणी सांगू नये. पण सार्वजनिक शाळेतून आलेले ज्ञान आणि शनिवारच्या बैठकीतून आलेले ज्ञान यांत फरक असतो. पहिल्यात शिरायला ओळख लागत नाही.

आणि आपल्याकडे तर परंपरा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत', आणि स्वतःचा छापखाना. दुसऱ्याच्या यंत्रावर आपले शब्द अवलंबून ठेवायचे नाहीत हे बाबासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. त्यांनी कंपोझिंग हे तांत्रिक काम आहे, आपण फक्त विचार करू, असे म्हटले नाही. आज यंत्र म्हणजे सर्व्हर आहे, कोड आहे, ज्या ॲपवर आपण जयंतीची मिरवणूक ठरवतो ते ॲप आहे. आपल्या संघटना मात्र सभासदांची नावे, नंबर, जात, पत्ता एका गुगल फॉर्ममध्ये भरून घेतात आणि त्या शीटची लिंक तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. कॉलेजच्या भाऊसाहेबांना नावे ठेवण्याआधी आपण आपले घर आवरले पाहिजे.

म्हणून पदवीपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला मी काही कामे सांगते. स्वतःचे पूर्ण नाव आणि आपल्या कॉलेजचे नाव आजच शोधून पाहा. यादी सापडली तर प्राचार्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि यादीतल्या बाकीच्यांनाही सांगा. शिष्यवृत्तीचे पोर्टल कोणी बांधले, किती रुपयांना, कोडची मालकी कोणाची आणि २०१५ च्या धोरणाचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. यात कोणाचीच वैयक्तिक माहिती नाही, नाकारायला कारण नाही. विद्यार्थी संघटनांनी हॉस्टेल आणि फेलोशिपच्या मागण्यांत एक मागणी वाढवावी. अर्ज नाकारणाऱ्या प्रत्येक सरकारी यंत्रणेने नियम आणि कोड दोन्ही उघडे करावेत, आणि नकाराखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. संघटनेच्या शीटमधून लागत नाही तो रकाना काढून टाका. घरातल्या जुन्या पुस्तिका युनिकोडमध्ये टाइप करा. आणि ज्यांना प्रोग्रामिंग येते त्यांनी त्या बैठकींना जावे, एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून. महाडलाही कोणी एकटे गेले नव्हते.

ती पीडीएफ माझ्या तिसऱ्या पत्रानंतर उतरली. मॅनेजमेंट कोट्याच्या यादीसाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. एका ओळीचे उत्तर आले, 'मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' अपील केले आहे.

जय भीम.